पहिल्या हाकेला

मी हाक मारली नव्हती. घरात दुसरं कुणी नव्हतंही. नागूचे अप्पा सकाळच्या भोंग्याला गिरणीत गेलेले, शेजारच्या शिवगंगा अक्का पाण्याला गेलेल्या, आणि मी चुलीपुढं ज्वारीच्या पिठात हात घालून बसलेली. मागच्या अंगणात कडुलिंबाखाली नागू एकटीच खापऱ्या मांडून खेळत होती. आज तिच्या शाळेला सुट्टी, सिस्टर लोकांचा मोठा शुक्रवार, त्यांचा येशू गेला तो. ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. आणि एकदम तिचा आवाज आला, स्वच्छ, शाळेतला, ताठ उभं राहून काढलेला. "हाजिर सिस्टर." माझा हात पिठातच राहिला. मुली शाळा-शाळा खेळतात, मला माहीत आहे; मीही खेळलेय. पण त्या खेळात आधी कुणीतरी नाव घ्यावं लागतं, आणि नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. मी तशाच पिठाच्या हातानं मागं गेले. नागू उभी होती, हात मांड्यांना चिकटवून, भिंतीकडं तोंड करून. "कुणाशी बोलायलीस गं?" मी विचारलं. "सिस्टर हाक मारत हुती," ती म्हणाली. मी म्हटलं, कुठंय सिस्टर? तिनं हनुवटीनं भिंतीकडं दाखवलं. "आता गेली." भिंतीपलीकडं वाट नाही. तिथं कोरडा नाला आहे आणि त्यापलीकडं रेल्वेचे रूळ. लिंबाचा मोहर गळत होता, नागूच्या केसांवर, खापऱ्यांवर, माझ्या पिठाच्या हातावर. मी तिला दंडाला धरून घरात आणलं आणि मागच्या दाराला कडी घातली. भर दुपारी कडी घातली म्हणून ती रडली.

मला स्वतःला पहिल्या हाकेला ओ देता येत नाही. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी येत नाही. नागूचे अप्पा यावरून मला चिडवतात. त्यांचं नाव इरप्पा. मनात घेते, तोंडानं घेत नाही. दोन हाका ते भिंतीला मारतात आणि तिसरी मला. "निजाम सरकारात अर्ज टाकला आसता तर आतापतूर च्या मिळाला आसता," असं गिरणीतल्या माणसांपुढंही म्हणतात आणि सगळे हसतात. मीही हसते. कारण सांगत नाही. नागूला मात्र याचा राग येतो. ती शाळेतून दारातनंच ओरडत येते, अव्वा, अव्वा, आणि मी आतून तिसऱ्या हाकेची वाट बघत गप्प. मग ती चुलीपाशी येऊन माझ्या पदराला हिसका देते. "तू लगीच कामून बोलत न्हाईस? सिस्टर म्हणतीया, नाव घेटलं की लगीच बोलायचं." तिला मी माझ्यासारखं वळण लावायला गेले होते. पहिल्या वर्षी ती हजेरीला गप्प बसायची, तिसऱ्यांदा नाव घेतल्यावर बोलायची, आणि शाळेतून निरोप आला की पोरीचे कान दाखवून घ्या. तिचे अप्पा मला पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. चांगल्या शाळेत घातली पोरगी, तुझी खुळं तिच्या डोक्यात घालू नको. मी घातली नाहीत. मग सिस्टरनं तिचं वळण बदललं. मी बघत राहिले. त्या शाळेत एकदा असंच एका पोरीचं वळण बदललेलं मी पाहिलं होतं, पण हे कुणाला सांगणार? परवापासून चौकात म्युनिसिपालटीचा माणूस डफडं बडवून ओरडून जातो आहे, हैजा आया है, पानी उबालके पियो. रेल्वेच्या चाळीत पटकीनं माणसं गेली. नालाही तिकडूनच येतो.

माझे अप्पा बिराप्पा, मादन हिप्परग्याचे, मेंढरंवाले. आई गेली तेव्हा मी नागूएवढी होते. मेंढरांमागं रानोमाळ पोरगी कुठं फिरवायची, म्हणून ज्या सिस्टर लोकांना ते थंडीत घोंगड्या विकायचे त्यांच्याच दारात त्यांनी मला आणून सोडलं. गुलबर्ग्याच्या स्टेशनापलीकडं, चिंचांच्या आड. वसंत म्हटलं की लोकांना काय काय आठवतं. मला खळ घातलेल्या कापडाचा वास आठवतो आणि पायाखालची थंड शहाबादी फरशी. बाहेर पांगाऱ्याला लाल फुलं, पान एक नाही. चिंचेला कोवळा पाला, तो आम्ही खिसे भरभरून खायचो आणि दात आंबवून घ्यायचो. लिंबाच्या मोहराचा वास दुपारी इतका दाटायचा की वर्गात डोकं जड व्हायचं. उगादीला, म्हणजे पाडव्याला, राजूबाई, आमची स्वयंपाकीण, सिस्टरच्या नकळत बेवु-बेल्ल करून आमच्या तळहातावर ठेवायची, लिंबाचा मोहर आणि गूळ. ती स्वतः बाटलेली, गळ्यात क्रूस, पण उगादीला तिला राहवत नसे. शेजारच्या खाटेवर मुडबीची गुरुबाई झोपायची. तिच्या घरी शेती होती, बाप चन्नबसप्पा शिकायचंच म्हणून हट्टानं पोरीला इथं घालून गेलेला. गुरुबाईला समोरचा एक दात नव्हता आणि बोलताना ती त्या फटीत जीभ लावायची. कन्नड आणि मराठी ती अशी मिसळून बोलायची की कुठली कुठं संपली हे कळू नये. मला तिचा फार लळा लागला होता. तिच्याएवढं जवळचं मला नंतर कुणी झालं नाही, नागू सोडून.

आमच्याकडं, म्हणजे हिप्परग्याला काय आणि मुडबीला काय, चैत्रात कुणी पहिल्या हाकेला ओ देत नाही. पटकी याच दिवसांत येते. मरीआई दुपारच्या उन्हात गावातून फिरते आणि ओळखीच्या माणसाच्या आवाजात नावं घेते. आईच्या, भावाच्या, कुणाच्याही आवाजात. पण तिला दोनच हाका मारता येतात. तिसरी हाक माणसाचीच. म्हणून शहाणं माणूस तिसऱ्या हाकेची वाट बघतं आणि मग बोलतं. ज्यानं आधी ओ दिली, त्यानं तिच्याबरोबर जायचं कबूल केलं. ज्याच्या नावानं हाक आणि ज्याची ओ, ती माणसं वेगळी असली तरी जाणार ओ देणारा. हे आम्हाला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. गरम तव्याला हात लावू नये हे कुठं कुणी शिकवतं. चैत्रात सगळं गाव ओरडून ओरडून बोलतं, कारण एकेकाला तीनदा बोलवावं लागतं, आणि बाहेरगावच्या माणसाला वाटतं इथं भांडण चाललंय.

शाळेत हे चालेना. सिस्टर क्लेमेंत हजेरी घ्यायची. लांबची, इटलीकडची, गालांवर उन्हानं लाल चट्टे, आणि मराठी बोलायला लागली की तो, ती, ते यांचा पत्ता नाही. आम्ही तिला आपसात किलिमिंत म्हणायचो. ती नाव घेई आणि आम्ही गावाकडच्या मुली डोळे खाली घालून बसू. "नाव मी घेतला. कान आहे ना तुला? मग तोंड कुठं गेला?" ती म्हणायची. तिला वाटायचं आम्ही बहिऱ्या, नाहीतर उर्मट. आम्ही तिला सांगणार तरी कसं? मारिया आईच्या पायाशी बसून मरीआईचं सांगायचं? कारण आमची खरी गफलत ती होती. चॅपेलात डाव्या हाताला एक बाई उभी होती, निळा पदर, हात जोडलेले, पायाखाली साप. सिस्टरला तिच्याविषयी फार माया. आम्हाला परकी वाटू नये म्हणून ती तिला आमच्याच बोलीत मारिया आई म्हणायची. म्हणा मुलींनो, मारिया आई. आम्ही ऐकलं ते मरीआई. गुरुबाईनं माझा हात इतका आवळला की बांगडी पिचली. गावात मरीआईला वेशीच्या आत कुणी घेत नाही. पटकी आली की तिचा लाकडी गाडा करतात, हिरवं लुगडं नेसवतात, लिंबू, बांगड्या ठेवतात, तोंडावरून कापड ओढतात आणि पुढच्या गावच्या शिवेवर ढकलून येतात. परत येताना कुणी मागं बघत नाही. आणि या बायांनी तिला घरात आणून ठेवली होती, छपराखाली, रोज फुलं वाहत होत्या. "ह्यांना म्हाईत न्हाई," गुरुबाई कुजबुजली. "ह्या लांबच्या हायत, ह्यांना कुणी सांगितलं न्हाई." राजूबाईला आम्ही विचारलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "ही ती न्हवं गं पोरींनो. ही दुसरी. ही लेकरं नेत न्हाई." मग भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "म्हंजे, फादर तरी तसं म्हणतोय."

ते वर्ष आठवलं की मला अजून घाम येतो. शिमगा होऊन गेला होता. एका रविवारी सकाळी आम्ही चॅपेलात गेलो आणि सगळ्या मूर्ती झाकलेल्या. जांभळं कापड, डोक्यापासून पायापर्यंत, वर दोऱ्यानं बांधलेलं. नुसते आकार उभे. नाकाचा उंचवटा कुठं, जोडलेल्या हातांचा कुठं. सिस्टर म्हणाली, दुःखाचे दिवस आहेत, म्हणून झाकल्या. आम्ही एकमेकींकडं बघितलं. तोंडावरून कापड ओढलं म्हणजे काय, ते आम्हाला माहीत होतं. ती निघाली होती. आणि त्याच आठवड्यात गावात पटकी आल्याची बातमी आली. दूधवाला यायचा बंद झाला, फाटकाला कुलूप लागलं, मुलींना घरी पाठवायचीही सोय राहिली नाही. सिस्टरनं आमच्यावर दया म्हणून की आमचं मन रमावं म्हणून, एक गोष्ट केली. तिच्याजवळ छोट्या तसबिरी होत्या, कडेनं सोनेरी रेघ असलेल्या. जी मुलगी सणापर्यंत रोज पहिल्या हाकेला बोलेल तिला तसबीर मिळणार. सोनेरी रेघ आम्ही कधी हातात घेऊन बघितली नव्हती. गुरुबाईचं त्या रेघेवर मन बसलं. मी तिला म्हटलं, चैत्र हाय. ती म्हणाली, "वर्गात कुठं मरीआई हजेरी घेतीया? समोर सिस्टर दिसतीया की." दुसऱ्या दिवसापासून "गुरुबाई चन्नबसप्पा" म्हटलं की नाव पुरं व्हायच्या आत ती उभी. हाजिर सिस्टर. दाताच्या फटीतून थोडी शीळ येई. सिस्टरचा चेहरा उजळायचा. बाईला खरंच आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू. तिला वाटलं तिनं एक पोर भीतीतून सोडवलं.

मग घंटा बंद झाली. शाळेची घंटा म्हणजे आमचं घड्याळ, आमची आई, सगळं. गुरुवारी सकाळी ती खूप वाजली आणि गप्प झाली. सिस्टर म्हणाली, घंटा रोमला गेली, शनिवारी परत येईल. तिनं ते गंमतीनं सांगितलं असणार, पण आम्ही मनोऱ्याकडं बघितलं तर घंटा तिथंच लोंबत होती. असलेली वस्तू गेली म्हणायची, याची आम्हाला भीती वाटली. घंटेऐवजी राजूबाई एक लाकडी फळी घेऊन व्हरांड्यातून फिरायची, फळीला लाकडाचाच टोला. खट, खट, खट. जेवायला चला, प्रार्थनेला चला, झोपा, सगळं त्या खटखटीवर. मोठ्या शुक्रवारी तर सिस्टर लोकांचं बोलणंही बंद. शनिवारच्या घंटेपर्यंत एकही सिस्टर तोंडानं शब्द काढत नसे, खुणा करायच्या. आम्हाला दुपारी व्हरांड्यात चिंचा फोडायला बसवलं होतं. फरशी तापलेली, चिंचोके एका टोपलीत, गर दुसऱ्या. आवाज फक्त चिंचोक्यांचा. बाहेर गावातून रडण्याचा आवाज यायचा आणि मध्येच तुटायचा. आणि चॅपेलाच्या बाजूनं हाक आली. "गुरुबाई." सिस्टरचा आवाज. तोच परका, नावाचा शेवट वर उचलणारा. गुरुबाई चिंच टाकून उभी. हाजिर सिस्टर. मी तिचा परकर धरला. म्हटलं, थांब की, आजून दोन हाका येऊ दे. तिनं परकर सोडवून घेतला. "तसबीर मिळायचीया मला," ती म्हणाली आणि चिंचेचे हात परकराला पुसत गेली. मी तिच्या मागं बघत राहिले, चॅपेलाचं दार उघडं, आत जांभळं. आणि तेव्हा आणखी एक हाक आली. "म्हाळसा." माझं नाव. एकदाच. माझ्या तोंडात चिंचेचा गर होता, मी दात मिटले आणि दुसऱ्या हाकेची वाट बघत बसले. ती आलीच नाही. आजतागायत आली नाही.

गुरुबाई परत आली ती हसत. आत कुणी नव्हतं म्हणाली, सिस्टर न्हाई, कुणी न्हाई. "कापडाच्या आत कुणीतरी श्वास घ्यायलंय," असं मात्र म्हणाली, आणि तहान लागली म्हणून चॅपेलाच्या दाराशी दगडी वाटीत पाणी असतं ना, बोटं बुडवायचं, ते ओंजळीनं पिऊन आले म्हणाली. वाटी त्या दिवशी कोरडी असते, हे मला फार नंतर कळलं. दिवे लागायच्या आधी तिला उलट्या सुरू झाल्या. सिस्टर क्लेमेंत रात्रभर तिच्या उशाशी होती, तिनं मौन मोडलं होतं, आपल्या भाषेत काहीतरी एकसारखं बोलत होती. मी दाराशी उभी होते. मी विचारलं, तुम्ही तिला दुपारी हाक मारली होती का? "आज आम्ही बोलत नाही, माहीत आहे ना तुला," ती म्हणाली. मग गुरुबाईनं डोळे उघडले आणि खाटेवरून, कुणी न बोलावता, स्पष्ट म्हणाली, हाजिर. त्यानंतर ती बोलली नाही. शनिवारी सकाळी घंटा परत आली, मनोरा हलेल इतकी वाजली, आणि त्याच वेळी चॅपेलात दोऱ्या ओढून कापडं खाली पाडली. मी मारिया आईचं तोंड बघितलं. आधीही ती हसतच असणार. पण त्या दिवशी ती पोटभर जेवलेल्या माणसासारखी हसत होती. सिस्टरनं सोनेरी रेघेची तसबीर गुरुबाईच्या हातात ठेवूनच तिला पुरलं. तिच्या बापाला वेशीवर अडवलेलं, तो आला तेव्हा माती वाळून गेली होती.

त्या दिवसापासून माझ्या नावाची एक हाक अर्धवट पडून आहे. लग्न झालं तेव्हा सासू म्हणाली, म्हाळसा तर आपल्या घरची देवी, देवीच्या नावाच्या सुनेला शिव्या कशा द्यायच्या? आणि तिनं माझी कमल केली. बाया नाव सोडताना रडतात. मी मनात म्हटलं, बरं झालं, आता हाक मारणारीला पत्ता सापडायचा नाही. माझे अप्पा गेले, हिप्परगा सुटला, म्हाळसा म्हणणारं जगात कुणी उरलं नाही. नागूच्या अप्पांनी ते नाव लग्नात एकदा ऐकलं असेल नसेल. शाळेत नागूला सोडायला मी कधी आत गेले नाही. फाटकापासूनच परत.

एवढं सगळं मनातून जाऊन भाकरी तव्यावर करपली. नागू कोनाड्याखाली भिंतीला टेकून बसली होती. तोंड उतरलेलं. म्हणाली, अव्वा, पोटात कसंतरी व्हायलंय. मग ती परसाकडं जाऊन आली, आणि थोड्या वेळानं परत गेली. मी तिला खाटेवर घेतलं. हातपाय गार लागत होते आणि ओठ कोरडे. शिवगंगा अक्का पाण्याच्या घागरी ठेवून आल्या, त्यांनी पोरीचं अंग बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. पाणी उकळायला ठेवलं. मी नागूच्या कानाशी वाकले. मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "सिस्टरनं तुझं नाव घेटलं का गं?" तिनं मान हलवली. न्हाई. "मग कुणाचं?" नागू डोळे मिटूनच म्हणाली, "म्हाळसा म्हणत हुती. म्हाळसा, म्हाळसा. कुणीच बोलंना. सिस्टर रागावली आसती. म्हणून म्या ओ दिली." मग म्हणाली, "अव्वा, म्हाळसा कोण हाय?"

मी शिवगंगा अक्कांना म्हटलं, पोरीपाशी बसा, मी आले. त्यांना वाटलं हकीमाकडं निघालेय. पायात घालायला काही शोधलं नाही. स्टेशनापलीकडं जाईपर्यंत ऊन तळपायाला बसत होतं आणि मला त्याचं बरं वाटत होतं. रस्ता ओस. रूळ ओलांडले, चिंचांच्या सावलीत शिरले, आणि तोच वास आला, खळीचा, मेणाचा, लिंबाच्या मोहराचा. फाटकाच्या आत लिंबाखाली एक म्हातारी सिस्टर खुर्चीत बसली होती, मांडीवर जपमाळ. गालांवरचे चट्टे आता तपकिरी झालेले. किलिमिंत. तिनं डोळे बारीक करून मला बघितलं. ओळखलं की नाही कोण जाणे. मी विचारलं, "सिस्टर, आज हितं कुणी कुणाला हाक मारतंय का?" तिनं मान हलवली, ओठांवर बोट ठेवलं, आणि त्याच बोटानं चॅपेलाचं दार दाखवलं. दाराशी दगडी वाटी कोरडी होती. मी हात घालून बघितला.

आत जांभळं होतं. सगळे आकार तसेच. डाव्या हाताची ती, जोडलेल्या हातांचा उंचवटा. मी तिच्यापुढं उभी राहिले आणि वाट बघू लागले. आयुष्यभर जिला चुकवलं ती हाक आता यावी म्हणून मी कान देऊन उभी, आणि कुणी हाक मारेना. मला त्या वेळी भीती नव्हती. मला राग आला होता, भयंकर राग. एवढ्याशा पोरीला फसवायला लाज वाटली नाही का? मी मोठ्यानं बोलले. "नाव माझं हाय. म्हाळसा बिराप्पा. ओ पोरीनं दिलीया, चुकून दिलीया, तिला शाळेनं शिकवलं म्हणून दिलीया. तिची ओ परत दे." माझा आवाज छपराला लागून खाली आला. कापड हललं नाही. मी वाकून बघितलं, नाकाच्या जागी कापड किंचित आत जातंय, बाहेर येतंय का, ते कळेना. माझाच श्वास मोठा झाला होता. मग मी हात मांड्यांना चिकटवले, टाचा जुळवल्या आणि म्हटलं, हाजिर. कुणी ऐकलं की नाही, माहीत नाही. बाहेर आले तेव्हा सिस्टर झोपलेली होती, मान छातीवर. मी फाटकातून निघाले ती मागं न बघता. रुळांवरून, नाल्याच्या कडेनं, कोपऱ्यावरून. गाडा सोडून येतात तसं.

घराचं दार लोटलेलं होतं. मी उंबऱ्याशी आले आणि आतून हाक आली. "म्हाळसा." आवाज लहान मुलीचा होता, शेवटी थोडी शीळ. माझ्या तोंडातून विचार न करता निघालं, हाजिर. इतकं सोपं असतं ते. शिवगंगा अक्का दाराशी आल्या. "कुणाला हाजिर म्हणायलीस गं कमल? हळू बोल. पोरगी आत्ताच झोपलीया. पोट थांबलं बघ तिचं, एकदम थांबलं. अंग गरम झालं. पेज मागून प्याली, मग झोपली." मी दारातूनच बघितलं. नागू कुशीवर झोपली होती, तोंडाला पेजेचा पांढरा डाग, ओठ ओले. मला रडू आलं, मग हसू आलं. अक्का म्हणाल्या, आत ये की. मी म्हटलं, पाय पोळलेत, इथंच बसते. तांब्या दारात आणून ठेवा, आणि नागूला त्यातलं पाणी देऊ नका. त्यांनी विचारलं, कामून? मी उंबऱ्यापासून दोन हात लांब सरकले.

आता ऊन भिंतीवर चढलंय. पोटात मघापासून कळा येतात आणि जातात. तहान लागते, प्यालेलं पाणी पोटात राहत नाही. नागूचे अप्पा भोंगा झाला की येतील, त्यांनाही बाहेरूनच सांगायचं आहे. उद्या सकाळी घंटा परत येईल. इथपर्यंत ऐकू येते, वारा तिकडून असला तर. मी तेच मोजत बसले होते, वारा कुठून आहे, आणि आत नागू जागी झाली. खाट करकरली. "अव्वा," ती म्हणाली. पहिलीच हाक.

"ओ," मी म्हटलं. "हाय मी. बाहीर हाय."